पार्श्वसंगीताचा सूचक प्रश्न : मराठी चित्रपटकर्त्यांना एक खुले पत्र

प्रति,
मराठी चित्रपटांचे निर्माते, दिग्दर्शक, संकलक आणि पार्श्वसंगीतकार

विषय : गंभीर चित्रपटांत प्रेक्षकाला रडवण्याच्या घाईबाबत

सप्रेम नमस्कार.

मी ३१ वर्षे जिल्हा न्यायालयात लघुलेखक होतो. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश त्यातले नोंदवण्याजोगे तेवढे सांगतात आणि लघुलेखक ते उतरवून घेतो, एवढेच त्या कामाचे वर्णन आहे. चित्रपटाच्या कलेतले मला शास्त्रशुद्ध असे काही कळत नाही. मात्र माणसे आपले दुःख सांगताना काय बोलतात, काय गिळतात आणि कोठे थांबतात हे इतकी वर्षे आठ-दहा फुटांवरून ऐकल्यामुळे पडद्यावर एखादे पात्र दुःख सांगू लागले की माझा कान आपोआप टवकारतो. या पत्राचा अधिकार म्हणाल तर तो एवढाच.

निवृत्तीनंतर मी आणि माझी पत्नी आठवड्याला एक तरी चित्रपट पाहतो. जवळच्या चित्रपटगृहात दुपारचा खेळ मिळाला तर तेथे, नाही तर घरी. गेल्या काही महिन्यांत पाहिलेल्या चित्रपटांत बहुतेक गंभीर प्रकृतीचे होते. काही नवे होते, तर काही पूर्वी पाहिलेले मुद्दाम पुन्हा लावले. त्यांतून एक तक्रार मनात साचत गेली, आणि ती आपसांत बोलून विरून जाण्यापेक्षा ज्यांच्या हाती ती दूर करणे आहे त्यांच्यापुढे ठेवावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तक्रारीला निमित्त झालेल्या चित्रपटाचे नाव मी घेत नाही. तो वाईट नाही, त्यात काम करणाऱ्यांनी कष्ट घेतले आहेत, आणि दोष त्या एकट्याचा नाही. त्यात एक वृद्ध गृहस्थ घरात एकटेच राहतात. रात्रीच्या जेवणाची वेळ झाल्यावर ते मांडणीवरून दोन ताटे काढतात, ओट्यावर ठेवतात, क्षणभर थांबतात आणि वरचे ताट पुन्हा मांडणीत सरकवून ठेवतात. ताट सरकवताना ते शेजारच्या ताटावर आपटू नये म्हणून दुसऱ्या हाताची दोन बोटे मध्ये धरतात. वयस्क नटाने हे इतके सहज केले की माझ्या पत्नीने माझ्या दंडावर हात ठेवला. आणि त्याच क्षणी व्हायोलिने सुरू झाली. मग आवाज वाढला, पडदा पिवळसर झाला, तरुणपणीचे तेच गृहस्थ मुलाला खांद्यावर घेऊन शेताच्या बांधावरून धावू लागले, मागे गाण्याची ओळ आली, आणि हे सगळे आटोपून आपण पुन्हा स्वयंपाकघरात येतो तोच शेजारीण दारातून विचारते, "काका, आज परदेशातल्या आपल्या मुलाचा वाढदिवस ना?" पत्नीने हात काढून घेतला. एक गोष्ट आम्हाला चार वेळा सांगितली गेली होती, आणि पहिल्या वेळेसच ती पूर्ण कळलेली होती.

न्यायालयात याला एक नाव आहे. आपल्या बाजूच्या साक्षीदाराची सरतपासणी घेताना वकिलाने असा प्रश्न विचारायचा नसतो ज्यात हवे ते उत्तर आधीच भरलेले आहे. "त्या रात्री आरोपी दारू प्यालेला होता ना?" असे विचारले की समोरचा वकील उठून हरकत घेतो : सूचक प्रश्न! १८७२ च्या पुरावा कायद्यात हा नियम होता, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे. त्यामागचे कारण साधे आहे. उत्तर वकिलाने पुरवले की साक्ष साक्षीदाराची राहत नाही, आणि ऐकणाऱ्याला तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटत नाही. आपल्या बहुसंख्य गंभीर चित्रपटांतले पार्श्वसंगीत हा मला असाच सूचक प्रश्न वाटतो. "आता तुम्हाला वाईट वाटते आहे ना?" असे ते विचारते. वाटत असते हो, पण विचारल्यावर वाटायचे थांबते.

हे मी हवेत बोलत नाही, म्हणून एक प्रसंग सांगतो. १९९६ साली मोटार अपघात नुकसानभरपाईच्या एका दाव्यात मृत मुलाची आई साक्षीला आली होती. भरपाईच्या हिशेबात मृताचे वय महत्त्वाचे असते, त्यामुळे वकिलांनी तिला मुलाचे वय विचारले. तिला आकडा सांगता येईना. "भात्तरच्या दुष्काळात झाला," ती म्हणाली, म्हणजे १९७२ च्या, आणि अंगठ्याने बोटांची पेरे मोजू लागली. सगळे न्यायालय थांबले. न्यायाधीशांनी घाई केली नाही. मोजत मोजत ती चोविसावर आली आणि "चोवीस" म्हणाली. वकील हळू आवाजात म्हणाले, "मावशी, तो गेला तेव्हाचं वय सांगा." तिने हाताकडे पाहिले, अंगठा दोन पेरे मागे घेतला आणि म्हणाली, "बावीस." माझ्या वहीत उतरले ते असे : 'मृत्युसमयी माझ्या मुलाचे वय २२ वर्षे होते.' दोन पेरे मागे घेतल्याची नोंद कोठेच नाही. ती रडली नाही. त्या खोलीत व्हायोलिन वाजत नव्हते, छताचा पंखा वाजत होता, आणि मला त्या दिवशीचा दुसरा एकही साक्षीदार आठवत नाही.

आता ज्या चित्रपटांनी हे ओळखले आहे असे मला वाटले, त्यांच्याविषयी.

जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' आम्ही चित्रपटगृहात पाहिला. २०२३ च्या टोरंटो महोत्सवात त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला होता, आणि आपल्याकडे तो ७ मार्च २०२५ रोजी लागला. विदर्भातल्या एका गावातली सविता महाविद्यालयात समाजशास्त्र शिकते, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, वडील कापूस पिकवतात आणि घरात तिच्या लग्नाची घाई आहे. कथा एवढीच. पुन्हा पुन्हा पाहुणे येतात, पुरुष ओळीने बसतात, मुलगी समोर बसते, आणि तेच ते प्रश्न येतात : नाव, शिक्षण, उंची, छंद. दिग्दर्शकाने हा प्रसंग दर वेळी जवळजवळ त्याच रीतीने घडू दिला आहे, आणि चित्रपटाची सारी ताकद मला त्या पुनरावृत्तीत दिसली. पहिल्या वेळी आमच्या मागच्या रांगेतल्या तीन-चार बायका खळखळून हसल्या, कारण प्रश्न ओळखीचे होते. दुसऱ्या वेळी हसणे थोडे उशिरा आले. पुढच्या वेळी पाहुणे बसू लागले तेव्हा मागून कोणीतरी "झालं, आले" एवढेच म्हणाले, आणि त्यानंतर त्या रांगेतून आवाज आला नाही. पडद्यावर सविताचा अपमान नवा नव्हता, तोच होता. बदलत होतो आम्ही. दिग्दर्शकाने आम्हाला बदलायला वेळ दिला, कोठे बदलायचे याची पाटी लावली नाही. गावातल्याच, कधी कॅमेऱ्यापुढे न गेलेल्या माणसांकडून त्यांनी काम करून घेतले आहे, आणि त्यामुळे तेथल्या बोलीला नाटकाच्या तालमीचा वास नाही.

(चित्रपटाच्या आरंभीच बायकांचा घोळका मुलाला पाहायला आला आहे आणि मुलगा मान खाली घालून बसला आहे, असे सविताचे स्वप्न आहे. ते मला थोडे हुशारीचे वाटले. पुढे जे इतक्या संयमाने येते त्याची किल्ली दारातच हातात दिल्यासारखे झाले. पत्नीला मात्र चित्रपटात सर्वांत तेच आवडले, तेव्हा हे मत घरात १-१ असे आहे.)

परतताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुम्ही मला चार ओळी लिहायला लावल्या होत्या." मला प्रथम कळेना. आमच्या पाहण्याच्या कार्यक्रमात, १९८४ साली, मी तिच्यापुढे कागद सरकवून हस्ताक्षर पाहू म्हटले होते. मला तेव्हा ते सुसंस्कृतपणाचे वाटले होते, कारण इतर जण चालून दाखवायला सांगत. चाळीस वर्षांत ती याविषयी एकदाही बोलली नव्हती. मी विचारले, "राग आला होता?" ती म्हणाली, "अक्षर चांगलं यावं म्हणून भीती वाटली होती." चित्रपटाने जर तिला शेवटी गाणे लावून रडवून मोकळे केले असते, तर हे वाक्य रिक्षात आले नसते असे मला ठामपणे वाटते. रडून झाले की माणूस हलका होतो आणि रात्रीच्या भाजीचा विचार करू लागतो.

दुसरा चित्रपट रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं'. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या कथापट विभागातले परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. आम्ही गेलो तेव्हा प्रेक्षागृहात मोजून ११ माणसे होती. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी येतो, आणि लहानपणचा मित्र बाळ्या त्याला तेथे पुन्हा भेटतो. दोघेही लग्नाचे वय उलटत चाललेले, आणि दोघांनाही बाईशी लग्न करायचे नाही. नातेवाईक मात्र सुतकातही आनंदच्या लग्नाचा विषय सोडत नाहीत. अशा विषयावर आपल्याकडे चित्रपट निघाला असता तर त्यात एक मारहाण, एक मोठे भाषण आणि आईचे एक आक्रंदन ठरलेले असते, अशी माझी समजूत होती. येथे आईला मुलाचे सर्व ठाऊक आहे. ते ठाऊक असणे ती कोठे जाहीर करत नाही. भाऊबंदांच्या प्रश्नांपुढे ती मुलाला सांभाळून घेते, जसे घरातली मोठी बाई उन्हात वाळत घातलेले धान्य पाऊस येण्याआधी न बोलता आत घेते. जयश्री जगताप यांनी ही आई केली आहे, आणि त्यांचे काम मला या वर्षा-दोन वर्षांत पाहिलेल्या कामांत सर्वांत वरचे वाटते.

या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. ही गोष्ट माझ्या लक्षात मध्यंतरानंतर आली, आणि तीही शेळ्यांचा आवाज फारच स्पष्ट ऐकू येत होता म्हणून. दोन तरुण माळावर बसलेले, बोलणे संपलेले, आणि तरी कॅमेरा हलत नाही. त्या शांततेत मला प्रथम अवघडल्यासारखे झाले, हे कबूल करतो. माझ्या पिढीच्या माणसाला दोन पुरुषांचे प्रेम पडद्यावर पाहण्याची सवय नाही. संगीत असते तर त्याने मला सांगितले असते की हे सुंदर आहे, किंवा हे करुण आहे, आणि मी त्या सांगण्याशी मनातल्या मनात भांडलो असतो. कोणीच काही सांगेना, तेव्हा भांडायला कोणी उरले नाही, आणि थोड्या वेळाने माझ्यासमोर फक्त दोन थकलेली माणसे उरली ज्यांना एकमेकांच्या शेजारी बसल्यावर बरे वाटत होते. माझे मत बदलायला त्या चित्रपटाने माझ्याशी वाद घातला नाही. गती काही ठिकाणी मला जड गेली, सुतकातल्या जेवणाखाण्याच्या नियमांचे एक-दोन प्रसंग कमी चालले असते असेही वाटले. पण तक्रार करण्याजोगे एवढेच.

पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' मराठी चित्रपट नव्हे, त्यात मल्याळम अधिक आहे. पण त्यातली मुंबई आपली आहे, आणि छाया कदम यांनी उभी केलेली पार्वती तर आपल्या घरातलीच आहे. २०२४ च्या कान महोत्सवात त्याला ग्रां प्री, म्हणजे तेथले दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक, मिळाले. मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट ३० वर्षांनी पोचला होता, ही बातमी आपण सर्वांनी वाचली. मला त्यातल्या दोन गोष्टींविषयी लिहायचे आहे. पहिली, भात शिजवायचा कुकर. प्रभा ही मुंबईतल्या रुग्णालयात काम करणारी केरळची परिचारिका आहे, तिचा नवरा जर्मनीत आहे आणि कित्येक दिवस त्याचा फोनही नाही. एके दिवशी जर्मनीतून एक झकपक विजेचा कुकर घरी येतो. पाठवणाऱ्याचे नाव नाही, चिठ्ठी नाही. रात्री प्रभा जमिनीवर बसून तो कुकर मांडीत घेते आणि त्याला कवटाळते. नवऱ्याला आठवून ती काही बोलत नाही, लग्नातला फोटो समोर येत नाही, मागच्या काळातला प्रसंग येत नाही. वस्तू आहे, बाई आहे, रात्र आहे. वर सांगितलेल्या ताटांच्या प्रसंगाशी हे ताडून पाहावे. दोन्हीकडे भांडेच आहे. एकीकडे भांड्यावर विश्वास ठेवला आहे.

दुसरी गोष्ट पार्वतीची. रुग्णालयात स्वयंपाक करणारी ही विधवा वर्षानुवर्षे ज्या खोलीत राहिली ती बिल्डर पाडणार आहे, आणि खोली आपली होती हे सांगणारा एकही कागद नवऱ्याने मागे ठेवलेला नाही. माझी सारी नोकरी कागदांत गेली, त्यामुळे या प्रसंगात मी इतरांपेक्षा अधिक अस्वस्थ झालो असेन. कागद नसलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पिशवीतून जुन्या पावत्या, लग्नपत्रिका, रेशनकार्डाची झेरॉक्स असे काढत राहतात आणि समोरचा नुसता मान हलवतो. छाया कदम हे रडून दाखवत नाहीत. त्या चिडतात, हसतात, बिल्डरच्या मोठ्या फलकावर दगड भिरकावतात आणि मग रत्नागिरीकडे आपल्या गावी निघून जातात. दगड मारतानाचे त्यांचे हसणे मला फार खरे वाटले. गमावलेले मोजून झाल्यावर माणसाच्या तोंडावर असे हसू येते. पुढचा, समुद्रकाठचा भाग मात्र मला पहिल्या भागाइतका पटला नाही. तेथे चित्रपट वास्तवाला सोडून थोडा स्वप्नात शिरतो आणि माझ्यासारख्याची पंचाईत होते.

या तिघांनंतर मी मुद्दाम चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' पुन्हा पाहिला. २०१४ साली व्हेनिसला गाजला, नंतर राष्ट्रीय पुरस्काराचे सुवर्णकमळ मिळाले, तेव्हा मी सेवेत होतो आणि आमच्या कार्यालयात त्याविषयी चर्चा म्हणजे मुख्यतः चेष्टा झाली होती, कारण त्यातले न्यायालय अगदी आमच्यासारखे कंटाळवाणे होते. आता कळते की ती चेष्टा म्हणजे पावती होती. त्यात गटारात मेलेल्या सफाई कामगाराच्या पत्नीची साक्ष आहे. ती सांगते की गटारात उतरण्यापूर्वी तो आत खडा टाकायचा, झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजायचा. हे ती ज्या सुरात सांगते त्या सुरात मी भाजीचा भाव सांगतो. पडद्यावरचे न्यायाधीश त्याची नोंद सांगतात, टंकलेखकाची बोटे चालतात, आणि पुढचा प्रश्न येतो. दुसऱ्या एखाद्या चित्रपटाने त्या झुरळावर एक क्लोजअप आणि एक आलाप खर्च केला असता. येथे काहीच न केल्यामुळे ते झुरळ माझ्या डोक्यातून गेले नाही. सरकारी वकील बाई संध्याकाळी लोकलमध्ये बसून दुसऱ्या बाईशी तेलाच्या गोष्टी करतात, घरी जाऊन स्वयंपाक करतात. वीरा साथीदार यांनी केलेले लोकशाहीर नारायण कांबळे, ज्यांच्या गाण्याने त्या कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले असा आरोप आहे, तोवर कोठडीत आहेत. या दोन गोष्टींना जोडणारे एकही वाक्य चित्रपटात नाही. ते प्रत्येक प्रेक्षकाने आपापले जोडायचे आहे, आणि मी ते जोडले तेव्हा त्यात मी स्वतःही सापडलो, कारण संध्याकाळी पाचनंतर मीही घरी जाऊन तेलाच्याच गोष्टी करत असे.

हे वाचून आपणांस वाटेल की हा गृहस्थ संगीताचा वैरी आहे आणि याला सगळे चित्रपट मुके हवे आहेत. तसे नाही. 'सैराट' मी चित्रपटगृहात तीन वेळा पाहिला. अजय-अतुल यांचे संगीत पहिल्या अर्ध्यात अक्षरशः अंगावर येते, मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद त्यासाठी वापरला आहे, आणि ते सारे मला हवेसे वाटले, कारण सतरा-अठरा वर्षांच्या प्रेमात माणसाच्या कानात तसेच काही वाजत असते. पण त्याच चित्रपटाने शेवटी काय केले ते आठवून पाहावे. बाहेर गेलेले लहान मूल परत घरात येते, रडू लागते, वळते, त्याची पावले फरशीवर उमटत जातात, आणि तेव्हा पडद्यावरून सर्व आवाज काढून घेतलेला आहे. मूल रडताना दिसते, ऐकू येत नाही. आधी इतके संगीत दिल्यामुळेच ते काढून घेणे इतके लागले. नागराज मंजुळे यांनी 'फँड्री'त तर आपले राष्ट्रगीतच वापरले. डुकरामागे धावणारे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी ताठ उभे राहते, आणि डुक्कर निघून जाते. त्या प्रसंगाला आणखी कोणते संगीत लावणार होते? आणि त्याही मागे जायचे तर संदीप सावंत यांचा २००४ चा 'श्वास' आहे. गाणे नाही, नायिका नाही. नातवाचे डोळे जाणार हे कळलेले आजोबा त्याला रुग्णालयातून बाहेर काढून डोळे भरून शहर दाखवून आणतात. 'श्यामची आई'नंतर ५० वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ त्याने आणले, आणि आमच्या गावात त्याला तिकिटे मिळत नव्हती. तेव्हा "आमच्या प्रेक्षकाला हे झेपत नाही" हे कारण निदान माझ्यापुढे तरी सांगू नये.

मालिकांनी प्रेक्षकाचा कान बिघडवला हे खरे आहे. एका वाक्यावर चार जणांचे चेहरे, प्रत्येक चेहऱ्यावर एक धडामकन आवाज, हे रोज रात्री घराघरांत चालते आणि आमच्याही घरात चालते. परंतु मालिका आम्ही भाजी निवडत पाहतो, मान वर नसते, म्हणून तिला आवाजाने हाक मारावी लागते. चित्रपटगृहात आम्ही दोनशे रुपये देऊन अंधारात बसतो, तेथे आमची मान वरच असते. कोकणावरून ड्रोन फिरवण्याविषयी आणि शेवटी पांढऱ्या अक्षरांत येणाऱ्या सामाजिक संदेशाविषयीही मला लिहायचे होते, पण मूळ विषय लांबेल.

आता मागणी. चित्रपटाचे संकलन पुरे झाल्यावर आणि पार्श्वसंगीत चढवण्यापूर्वी, कथा ठाऊक नसलेल्या पाच-सहा सामान्य माणसांना तो एकदा तसाच कोरडा दाखवावा. घरातली माणसे नकोत आणि धंद्यातलीही नकोत. शिपाई, शिक्षिका, दुकानदार, एखादी मावशी, अशी असावीत. त्यांना मत विचारू नये, फक्त ती कोठे खुर्चीत सरकली, कोठे मोबाइल काढला आणि कोठे हालचाल थांबली एवढे पाहावे. जेथे ती माणसे स्तब्ध झाली तेथे कृपया एकही वाद्य लावू नये. जेथे त्यांनी मोबाइल काढला तेथे वाद्य लावून उपयोग नाही, तेथे प्रसंगच दुरुस्त करावा लागेल. पार्श्वसंगीतकारांना माझी वेगळी विनंती अशी की निर्मात्याने "इथे जरा भरून टाका" म्हटले तर एकदा तरी नाही म्हणावे. आपल्या कामाला यातून कमीपणा येत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी साक्षीदाराचे एकूण एक हुंदके वहीत लिहीत होतो, तेव्हा माझ्या वरिष्ठांनी ते पान पाहून एवढेच विचारले होते, "हे तू वाचून दाखवशील का तिच्यासमोर?"

असा एखादा कोरडा खेळ आपण ठेवलात तर मला जरूर बोलवावे. मानधन नको, येण्या-जाण्याचा खर्चही मी करीन. जुनी शॉर्टहँडची वही आणि पेन्सिल घेऊन येईन, अंधारात लिहिण्याची मला सवय आहे. आणि खेळ संपल्यावर, चित्रपटात माझी पेन्सिल कोठे कोठे थांबली तेवढी ठिकाणे वेळेसह आपणांस काढून देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त लघुलेखक आणि नित्याचा प्रेक्षक